विमानात खिडकी मिळाली, पण कुठली?

कोपरखैरण्यातल्या आमच्या गच्चीवर उभं राहिलं की दर काही मिनिटांनी एक विमान डोक्यावरून जातं. पश्चिमेकडे तोंड, वेग मंदावलेला, चाकं बाहेर आलेली. आईला या विमानांचं भारी अप्रूप. गच्चीवर पापड वाळत घालताना हात तसाच ठेवून ती वर बघत राहते. तिचा एकच प्रश्न असतो, "वरून आपली बिल्डिंग दिसत असेल ना रे?"

गेल्या नोव्हेंबरात दार्जिलिंगला जायचं ठरलं, तेव्हा तिला हे दाखवायचंच म्हणून मी जादा पैसे भरून खिडकीची जागा घेतली. मुंबईहून बागडोगरा, तीनेक तासांचा प्रवास, हिमालय डाव्या हाताला, म्हणून डावीकडची ११ए. विमानात शिरून जागेवर गेलो तर खिडकीच्या ठिकाणी सलग पांढरी भिंत! पुढच्या जागेची खिडकी थोडी पुढे, मागची बरीच मागे. कांचनगंगा आली तेव्हा आईने ती पुढच्या प्रवाशाच्या खांद्याशेजारच्या फटीतून, मान वाकडी करून पाहिली. माझं गणित निम्मं बरोबर होतं. बाजू बरोबर निवडली होती, ओळ चुकली होती.

त्या दिवसापासून मी या विषयाच्या मागे लागलो. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या नव्या विमानतळावरून प्रवासी विमानं उडू लागली आणि आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर रोज कोणी ना कोणी विचारू लागलं, "आम्ही अमुक ठिकाणी चाललोय, कुठली सीट घेऊ?" घाटातून जाताना दरी कुठल्या बाजूला येते हे आपल्याकडे लहान मुलालाही ठाऊक असतं. एसटीत दांड्याशेजारची जागा कोणी घेत नाही. विमानाच्या बाबतीत मात्र आपण सीट मॅपवरचा कुठलाही निळा चौकोन दाबतो. थोडा विचार केला तर तिथेही दरीची बाजू शोधता येते.

बाजू, ओळ आणि वेळ

खिडकी निवडताना तीन प्रश्न असतात. जे बघायचंय ते डावीकडे येणार की उजवीकडे? त्या बाजूच्या कुठल्या ओळीतून ते नीट दिसेल? आणि त्या वेळी ऊन कुठून येत असेल?

बहुतेकजण ओळीपासून सुरुवात करतात, कारण सीट मॅपवर ओळीच दिसतात. पुढे बसू की मागे, यातच वेळ जातो. माझ्या मते सगळ्यात मोठा प्रश्न बाजूचा आहे. पंखावरच्या जागेतूनही हिमालयाचा थोडा तुकडा दिसेल, पण चुकीच्या बाजूच्या उत्तम खिडकीतून तो अजिबात दिसणार नाही.

शाळेतलं दिशांचं वाक्य

आपल्याकडच्या नेहमीच्या विमानात एका ओळीत सहा जागा असतात, ए ते एफ. नाकाकडे तोंड करून बसल्यावर ए ही डावीकडची खिडकी आणि एफ ही उजवीकडची. (परदेशी जाणाऱ्या मोठ्या विमानांत उजवीकडचं शेवटचं अक्षर बदलतं, ए मात्र डावीकडेच राहते.)

आता शाळेत घोकलेलं वाक्य आठवा. उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभं राहिलं की डाव्या हाताला उत्तर, उजव्या हाताला दक्षिण. विमानालाही हेच लागू होतं. पूर्वेकडे जाणाऱ्या विमानात ए म्हणजे उत्तर. पश्चिमेकडे जाताना सगळं उलटतं, उत्तर एफकडे येते. दक्षिणेकडे निघालात तर ए पूर्वेला, एफ पश्चिमेला.

दिल्लीहून गुवाहाटी किंवा बागडोगऱ्याला जाताना हिमालय उत्तरेला, म्हणून ए. येताना एफ. दिल्लीहून श्रीनगरला विमान वायव्येच्या अंगाने वर जातं, बर्फाच्या रांगा ईशान्येला, म्हणून जाताना एफ. लेहच्या मार्गावर विमान डोंगररांगा ओलांडूनच जातं, त्यामुळे तिथे दोन्हीकडे बर्फ असतं आणि बाजूची फार चिंता करावी लागत नाही.

मुंबईहून गोव्याला जाताना ए म्हणजे सह्याद्री, एफ म्हणजे समुद्र. मी तिथे एफ घेतो. कोकणच्या नद्या समुद्राला मिळताना किती वळसे घेतात, प्रत्येक मुखाशी वाळूचा दांडा कसा तयार होतो, हे भूगोलाच्या पुस्तकातलं चित्र त्या तासाभरात एकामागून एक खऱ्या आकारात दिसत जातं. पावसाळ्यानंतर, धुरकं पडायच्या आधी गेलात तर सह्याद्रीची हिरवी भिंतही तितकीच देखणी असते. येताना ए घेऊन मुलांना समुद्र दाखवा.

वरून नजर जाते तरी किती लांब?

विमान हिमालयापासून इतकं दूर असताना शिखरं दिसतातच कशी, असं पुष्कळजण विचारतात. पृथ्वी गोल असल्यामुळे आपली नजर क्षितिजाशी अडते. आपण जितके उंच, तितकं क्षितिज लांब. जुहूच्या किनाऱ्यावर उभ्या माणसाला समुद्राची कड साधारण साडेचार किलोमीटरवर दिसते. विमान ३५,००० फुटांवर, म्हणजे सुमारे १०.७ किलोमीटर उंचीवर असलं, तर तीच कड जवळजवळ ३७० किलोमीटरवर जाते.

हे झालं सपाट जमिनीपुरतं. डोंगराचं डोकं क्षितिजाच्याही वर निघतं, त्यामुळे ते आणखी लांबून दिसू शकतं. कांचनगंगा ८,५८६ मीटर उंच आहे आणि बागडोगऱ्यापासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. ८,८४९ मीटरचं एव्हरेस्ट तिथून दोनशेच्या आसपास. हवा स्वच्छ असेल तर दोन्ही शिखरं नजरेच्या टप्प्यात येतात.

हवा स्वच्छ असेल तर, ही अट मात्र मोठी आहे. पावसाळ्यात ढगांमुळे अर्धा प्रवास पांढरा जातो. मुंबईत भर थंडीत धूळ आणि धूर जमिनीलगत साचून राहतात आणि खालचं सगळं दुधी दिसतं. पाऊस ओसरल्यानंतरचे पहिले काही आठवडे खिडकीसाठी मला सगळ्यात आवडतात.

आईच्या प्रश्नाचं उत्तर

आमची बिल्डिंग वरून दिसते का? नाही. कारण ती विमानाच्या अगदी खाली असते.

मलाही हे पटायला वेळ लागला. पाचव्या मजल्याच्या खिडकीतून समोरच्या सोसायटीचं गेट दिसतं, आपल्याच गेटवरच्या वॉचमनची खुर्ची दिसत नाही, कारण मधे छज्जा येतो. विमानाचं गोल पोट म्हणजे तो छज्जा. काचेला नाक लावलं तरी नजर सरळ खाली जात नाही, तिरकीच जाते.

आकड्यांत सांगतो. उतरणारं विमान शेवटच्या टप्प्यात जमिनीशी तीन अंशांचा कोन करून येतं. म्हणजे दर किलोमीटरला साधारण ५२ मीटर खाली. मुंबईच्या धावपट्टीपासून कोपरखैरणं तेराएक किलोमीटर, तेव्हा आमच्या गच्चीवरून जाताना विमान साडेसहाशे-सातशे मीटर उंच असतं. खिडकीशी वाकून पंचेचाळीस अंशांत खाली पाहिलं, तर विमान जितकं उंच तितकंच बाजूला नजर पोचते, म्हणजे साडेसहाशे-सातशे मीटरवर. ताठ बसलेल्याला त्याहून पुष्कळ पलीकडचंच दिसतं. त्यामुळे ज्यांच्या डोक्यावरून विमान जातं त्यांना ते रोज दिसतं, पण विमानातल्यांना ते लोक कधीच दिसत नाहीत. दिसतात ते दोन, चार, सहा किलोमीटर बाजूला राहणारे.

म्हणून खिडकी निवडताना "विमान कशावरून जातं" असं विचारू नका. "कशाच्या बाजूने जातं" असं विचारा.

सत्तावीस नंबरची धावपट्टी

धावपट्टीला दिलेला आकडा म्हणजे होकायंत्रावरची दिशा असते, शेवटचं शून्य काढून. २७ म्हणजे २७० अंश, अर्थात पश्चिम. ०९ म्हणजे ९० अंश, पूर्व. पट्टी एकच, पण कुठल्या टोकाकडून तोंड करता त्यावर आकडा ठरतो. मुंबईची मुख्य धावपट्टी ०९/२७. विमानाला वाऱ्याच्या समोरून उतरायचं आणि उडायचं असतं. मुंबईत समुद्राकडून येणारा वारा जास्त, म्हणून वर्षातला बराच काळ विमानं पूर्वेकडून येऊन पश्चिमेकडे तोंड करून उतरतात. म्हणजे नवी मुंबई आणि ठाण्याची खाडी ओलांडून.

मुंबईला असं उतरताना पश्चिमेकडे तोंड, म्हणून एफ उत्तरेला. एफवाल्यांना घणसोली, ऐरोली, ऐरोलीचा पूल, मागे ठाणं आणि येऊरचे डोंगर दिसतात. खाडी ओलांडली की विक्रोळीची खारफुटी, मग पवई आणि विहार तलाव. एवढ्या दाटीच्या शहरात जंगल आणि पाणी एकमेकांना चिकटून आहेत हे तिथून एका नजरेत कळतं. एवाल्यांना आधी लांबवर माथेरान आणि प्रबळगडाची बाजू, मग वाशीचा पूल, खाडीचं रुंद होत जाणारं तोंड आणि तुर्भ्याचा, म्हणजे बीएआरसी या अणुसंशोधन केंद्राकडचा, डोंगर.

ओहोटीच्या वेळी खाडी पाहायला मिळाली तर भाग्यच. चिखलात उमटलेले पाण्याचे ओहळ वरून पिंपळाच्या जाळीदार पानासारखे दिसतात. याच चिखलावर फ्लेमिंगो पोसले जातात. इथल्या ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, जागा मिळाली. विमान खाडीवर असताना पाचेकशे मीटर उंचीवर असतं आणि ती ओलांडायला त्याला एक मिनिटही लागत नाही. तेवढ्या वेळात मोबाइल खाली ठेवलेला बरा.

उडताना विमान जुहूवरून समुद्रात शिरतं. त्या क्षणी ए म्हणजे वांद्रे-वरळी सागरी सेतू, एफ म्हणजे वर्सोवा, मढ, गोराईचा किनारा.

नव्या विमानतळावर काय दिसेल?

नवी मुंबईची सध्याची धावपट्टी ३,७०० मीटर लांब आहे आणि तिचे आकडे ०८ आणि २६. म्हणजे तीही जवळजवळ पूर्व-पश्चिमच. पश्चिमेकडे उडालात तर एफच्या बाजूला बेलापूर, नेरूळ, पाम बीच रस्ता, पलीकडे खाडी. एच्या बाजूला उलवे, मग उरण आणि न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन. समोर मुंबईचं बंदर आणि त्यावर अटल सेतूची लांबच लांब रेघ. पश्चिमेकडून येऊन पूर्वेकडे तोंड करून उतरलात तर हेच सगळं उलट, ए उत्तरेला.

या विमानतळासाठी उलव्याची टेकडी कापली, उलवे नदीचा प्रवाह वळवला. जी गावं तिथून उठली त्यांच्या जागेवरून आपण उडतो आहोत, याची जाणीव मला खिडकीतून खाली पाहताना हटकून होते. पनवेल-उलव्याच्या माणसाला तर ती होणारच.

वळणाचा फायदा

विमान वळताना सायकलसारखं आत कलतं. ज्या बाजूला वळतं त्या बाजूच्या खिडकीत जमीन अख्खी भरते, दुसऱ्या बाजूला नुसतं आकाश. मघाशी म्हटलेला छज्जा त्या अर्ध्या मिनिटात आड येत नाही. मुंबईहून पश्चिमेकडे उडून दिल्लीला जायचं तर विमानाला कधीतरी उजवीकडे वळावं लागतं, तेव्हा एफच्या काचेत किनारा उभा राहतो. दक्षिणेकडे जाणारं विमान डावीकडे वळतं, तेव्हा ए. नकाशावर निघायचं ठिकाण, पोचायचं ठिकाण आणि धावपट्टीची दिशा मांडली की वळण कुणीकडे असेल याचा अंदाज घरी बसून बांधता येतो.

आता ओळ: पंख, बटणं आणि काजं

साधारण तीस ओळींच्या विमानात ढोबळमानाने दहावी ते विसावी ओळ पंखावर येते. विमानागणिक यात थोडा फरक पडतो, सीट मॅपवर पंखाची आकृती दिसते ती बघून घ्यावी. पंख मागे झुकलेला असतो, त्यामुळे त्याच्या जरा पुढच्या ओळींतून पुढचं आणि खालचं दोन्ही मोकळं दिसतं. पंखामागच्या ओळींतून खालचं दिसतं, पण इंजिनातून निघणाऱ्या गरम हवेमुळे दृश्य थरथरतं, चुलीवरच्या वाफेतून पलीकडे पाहावं तसं. नुसतं बघायला ते खटकत नाही, फोटोत खटकतं. तरी पुढचं आणि मागचं यात निवडायचं झालं तर मी पुढचं निवडतो, शिवाय तिथे आवाजही कमी.

लहान शहरांना जोडणारं पंख्याचं विमान, एटीआर, मिळालं तर आनंद माना. त्याचे पंख खिडक्यांच्या वर असतात, त्यामुळे खालचं दृश्य जवळजवळ सगळ्याच ओळींतून मोकळं. ते जेट विमानापेक्षा खालून आणि हळू उडतं. पंखा डोळ्यांसमोर फिरू नये म्हणून मागच्या ओळी घ्याव्यात. गाव, नदी, धरण ओळखत ओळखत जाण्याचा खरा आनंद मला तिथेच मिळाला.

आता त्या भिंतीचं कोडं. विमानाच्या अंगाला माणसासारख्या बरगड्या असतात आणि खिडक्या दोन बरगड्यांच्या मधेच बसवाव्या लागतात. हे अंतर विमान बनवतानाच ठरतं, साधारण २० ते २१ इंच. सीट मात्र विमान कंपनी आपल्या सोयीने बसवते, दोन ओळींत २८, २९, ३० इंच अंतर ठेवून. शर्टाची बटणं एका मापाने लावली आणि काजं दुसऱ्या मापाने पाडली तर काय होईल? एखादं बटण बरोबर बसेल, एखादं अर्धवट, एखादं काजाच्या बाहेर. म्हणून काही ओळींत खिडकी खांद्याशी येते, काहींत गुडघ्याच्या पुढे.

बोइंग ७३७ मध्ये आणखी एक भानगड आहे. वातानुकूलनाची हवा पोटातून छताकडे नेणारी नळी डावीकडच्या भिंतीतून वर जाते, पंखाच्या जरा पुढे. तिथे खिडकी काढलेलीच नसते. सहसा दहाव्या-अकराव्या ओळीच्या आसपास, ए बाजूला. आम्ही नेमके तिथे बसलो होतो.

जादा पैसे घेताना हे कंपनीने सांगायला नको का? सांगायलाच हवं, असं माझं स्पष्ट मत आहे. खिडकी म्हणून विकलेल्या जागेला खिडकी असलीच पाहिजे. अमेरिकेत याच तक्रारीवरून ऑगस्ट २०२५ मध्ये डेल्टा आणि युनायटेड या कंपन्यांविरुद्ध प्रवाशांनी न्यायालयात दावे लावले. तोवर आपल्या हाती एवढंच, की विमान ७३७ असेल तर डावीकडच्या या दोन-तीन ओळी टाळाव्यात. तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो.

मोठ्या खिडक्या का नसतात?

वर गेल्यावर आतला हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच जास्त असतो आणि विमान फुग्यासारखं ताणलं जातं. फुग्याला भोक पाडलं की ताण भोकाच्या कडेशी जमतो, कोपरा टोकदार असेल तर जास्तच. १९५४ मध्ये कॉमेट जातीची दोन ब्रिटिश प्रवासी विमानं हवेतच फुटली. अशा छेदांच्या कोपऱ्यांशी ताण साठून धातू थकला, हे त्या चौकशीत पुढे आलं. म्हणून आजच्या खिडक्या लहान आणि गोलसर कोपऱ्यांच्या.

काचेत तीन थर असतात आणि त्या खऱ्या काचेच्या नसून अॅक्रिलिकच्या असतात. मधल्या थराला एक बारीक भोक दिसतं. ते पाहून घाबरू नका, मुद्दाम ठेवलेलं असतं. त्यामुळे दाबाचा भार सगळ्यात बाहेरच्या थरावर राहतो आणि दोन थरांमधली दमट हवा निघून जाते. कधी त्या भोकाभोवती बर्फाचं नाजूक फूल उमलतं. तेही बघण्यासारखं असतं.

ऊन कुठून येतंय?

बाजू ठरली, ओळ ठरली. आता सूर्य. सूर्याच्या बाजूला बसलं की काचेवरचे ओरखडे चमकतात, डोळे दिपतात आणि शेजारचे पडदा ओढायला सांगतात. सावलीच्या बाजूने मात्र समोरचं दृश्य उजळलेलं दिसतं, कारण ऊन आपल्या पाठीमागून त्यावर पडतं.

सकाळी सूर्य पूर्वेला, संध्याकाळी पश्चिमेला, आणि थंडीत दिवसभर दक्षिणेकडे कललेला. (मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत तो मुंबईत दुपारी डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. शून्य सावलीचा दिवस त्याच्या आधी-नंतर येतो तो त्यामुळेच.) म्हणून सकाळी दिल्लीला निघालात तर ए सावलीत, संध्याकाळी एफ. हिमालयाच्या बाबतीत आपलं नशीब चांगलं आहे. आपण त्याच्या दक्षिणेला, थंडीतला सूर्य आपल्याही दक्षिणेला. सूर्य आपल्या पाठीशी आणि बर्फ समोर झळाळतंय, अशीच मांडणी कायम मिळते.

सावलीच्या बाजूला आणखी एक बक्षीस असतं. खाली ढगांचा पट्टा असेल तर त्यावर विमानाची सावली शोधा. सावलीभोवती रंगीत कडं दिसेल, पूर्ण गोल. हे आपलं इंद्रवज्र. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने ते पाहिल्याचं ट्रेकर मंडळी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आली आहेत. ढगातले पाण्याचे बारीक थेंब प्रकाश आल्या वाटेने परत पाठवतात, त्यातून ते उमटतं. या रंगीत कड्याचं केंद्र पाहणाऱ्याच्या जागेवर असतं. शेपटीकडे बसलात तर सावलीच्या शेपटीशी, पुढे बसलात तर नाकाशी. कोकणकड्यावर ज्यासाठी लोक दिवस-दिवस थांबतात, ते ढग असलेल्या बऱ्याच उड्डाणांत दिसू शकतं, बाजू बरोबर असेल तर.

पोलराइज्ड गॉगल मात्र काढून ठेवा, त्यातून खिडकीवर इंद्रधनुष्यी डाग दिसतात.

पण मार्ग तर ऐन वेळी बदलतो ना?

बदलतो. वारा फिरला की धावपट्टीचं टोक बदलतं, गर्दी असली की विमानाला घिरट्या घालाव्या लागतात, कधी विमानच दुसरं येतं आणि ओळींचं गणित कोलमडतं. म्हणून शहराजवळच्या दृश्याची खात्री देता येत नाही. पण मोठी दिशा बदलत नाही. पूर्वेला जाणारं विमान पूर्वेलाच जातं, हिमालय उत्तरेलाच राहतो. बाजू आधी ठरवा, असं म्हणतो ते याचसाठी.

काही ठिकाणी पडदा बंद ठेवायला सांगतात. लष्कराच्या वापरातल्या विमानतळांवर, म्हणजे श्रीनगर, लेह आणि आपलं पुणंसुद्धा, उतरता-उडताना फोटो काढायला मनाई असते. मे २०२५ मध्ये पश्चिम सीमेजवळच्या अशा विमानतळांसाठी पडदे बंद ठेवण्याची सूचनाही निघाली होती. अशा वेळी केबिन क्रू सांगेल ते निमूट ऐकावं. एरवी उडताना आणि उतरताना पडदा उघडाच ठेवायचा असतो, काही विपरीत घडलं तर बाहेरचं दिसावं आणि डोळे बाहेरच्या उजेडाला सरावलेले असावेत म्हणून.

रात्रीचं विमान असेल तर? तर ओळीचा फार विचार करू नका, उतरतानाची बाजू तेवढी बघा. दिव्यांचं शहर आणि मधे खाडीचा काळा पट्टा, हे रात्रीच जास्त उठून दिसतं.

यासाठी जादा पैसे द्यावेत का?

प्रत्येक वेळी नाही. कामासाठी महिन्यातून चारदा जाणाऱ्याने, गुडघे दुखणाऱ्याने, वारंवार उठावं लागणाऱ्याने कडेची जागा घेणंच शहाणपणाचं. पण कोणी पहिल्यांदा विमानात बसत असेल, मूल असो की सत्तरीची आजी, तर तिच्यासाठी ते पैसे जरूर खर्च करावेत आणि त्यासोबत दहा मिनिटं नकाशाही बघावा. पैसे भरून आंधळेपणाने जागा घेतली तर काय होतं ते मी केलेलंच आहे.

दार्जिलिंगहून परतताना मी नकाशा घेऊन बसलो. बागडोगऱ्याहून पश्चिमेकडे, म्हणजे हिमालय उजवीकडे. दुपारचं विमान, सूर्य नैर्ऋत्येला, म्हणजे उजवी बाजू सावलीत. मुंबईत पूर्वेकडून उतरणार, म्हणजे ऐरोली आणि ठाणंही उजवीकडेच. तिन्ही उत्तरं एफ आली. पंखाच्या पुढची जागा, ६एफ.

आईने कांचनगंगा पाहिली, सरळ बसून, काचेला कपाळ टेकवून, पार मागे जाईपर्यंत. मग झोपली. महाप्यानंतर मी तिला उठवलं. आपलं घर आता अगदी खाली आहे, ते दिसणार नाही, पण उजवीकडे लांब बघ, म्हटलं. खाडीवर संध्याकाळचं ऊन पडलं होतं आणि त्यावर ऐरोलीचा पूल आडवा. माझा मामा त्या पुलाजवळ राहतो.

विमान थांबून फोन चालू करायला परवानगी मिळाल्याबरोबर तिने त्याला फोन लावला. "अरे, तुझा पूल दिसला मला," ती म्हणाली, "आणि तू म्हणतोस तसं नाहीये, तुमच्या मागे बरीच झाडं आहेत अजून."